ब्रिटिश सागरी कायदा आणि हिंदी खलाशी

मराठवाड्यात भटक्या समाजांविषयीच्या शासकीय धोरणाची चर्चा बहुधा 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू होते. ज्याचे एका गावी घर नाही, त्याच्यावर पोलिसांची नजर हवी, ही त्या कायद्यामागील दृष्टी होती. जहाजावर राहणाऱ्या माणसांबाबतही वसाहतवादी शासनाची दृष्टी फारशी वेगळी नव्हती. या दुसऱ्या बाजूकडे मात्र आपल्याकडील अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

ब्रिटिश कागदपत्रांत हिंदी खलाशांना 'लस्कर' म्हटले जाई. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर रत्नागिरी व काठियावाडकडील माणसे डेकवर, पंजाबी मुसलमान इंजिनखान्यात, तर गोवेकर भटारखान्यात काम करीत. वर्षातील बराच काळ जहाज हेच त्यांचे घर असे. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गोवेकरांना मुंबईतील आपापल्या गावच्या 'कुडां'चा आधार मिळे.

1823 च्या कायद्याने ब्रिटिश प्रदेशात जन्मलेल्या लस्करांनाही 'ब्रिटिश खलाशी' मानण्याचे नाकारले. इंग्लंडमध्ये निराधार झालेल्या लस्करांना परत पाठवण्याची तजवीज मात्र त्याच कायद्यात होती. सारांश, त्यांचे श्रम हवे होते, त्यांचे तेथील वास्तव्य नको होते.

जहाजावरील जागेचा हिशेब याहून बोलका आहे. ब्रिटिश कायद्यात प्रत्येक खलाशासाठी 72 घनफूट जागा ठरलेली असताना हिंदी कायद्याने लस्करासाठी 36 घनफूट पुरेशी मानली. म्हणजे 6 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 2 फूट उंच! एवढ्या जागेत माणूस निजू शकतो, उठून बसू शकत नाही. 1906 मध्ये ब्रिटिश खलाशाची जागा 120 घनफूट झाली. या वाढीतून लस्करांना वगळण्यात आले.

1925 च्या आदेशाने ब्रिटनमधील कृष्णवर्णीय व आशियाई खलाशांवर नवे बंधन आले. ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदोपत्री पुरावा नसेल, तर त्यांना परकीय म्हणून पोलिसांत नोंद करणे भाग होते. बहुतेक खलाशांजवळ पारपत्र नसे. त्यामुळे साम्राज्यात जन्मलेली आणि साम्राज्याचीच जहाजे चालवणारी माणसे परकीय ठरू लागली. गावाबाहेर पडताना ठाण्याला कळवावे लागणाऱ्या भटक्यांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

हा आदेश 1942 मध्ये मागे घेण्यात आला. तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांना हिंदी खलाशांची निकड होती. त्या युद्धात मृत्यू पावलेल्या जवळजवळ 6,500 खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहेत.