ब्रह्मपुरीची टेकडी

कोल्हापुरास येणारा प्रवासी अंबाबाईचें दर्शन घेतो, पन्हाळ्यावर अंबरखान्याचीं धान्यकोठारें पाहतो, इ. स. १६६० च्या वेढ्याची कथा ऐकतो आणि परततो. पंचगंगेच्या कांठची ब्रह्मपुरीची टेकडी मात्र पाहावयाची राहते. तट नाहीं, शिखर नाहीं. मग तेथें पाहावयाचें काय, असें त्यास वाटतें! परंतु या शहराचें खरें वय सांगितलें तें तेथील मातीनें. इ. स. १९४५-४६ मध्यें डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं ती उकरली, तेव्हां बहामनी व शिलाहार काळांच्या थरांखालीं सातवाहनकालीन पक्क्या विटांचीं घरें लागलीं.

त्यापूर्वींच याच टेकडींत कांशाच्या वस्तूंचा एक सांठा मिळाला होता. त्यांत पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची, रोमन घडणीची, लहानशी मूर्ति निघाली. समुद्र तर सह्याद्रीपलीकडे! पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरलेला रोमन माल घाट चढून कोठवर येत असे, याची ती साक्ष होय. ती टाऊन हॉलमधील संग्रहालयांत ठेविली आहे.

श्रोत्यांपैकीं कोणी कोल्हापुरास जाणार असेल, तर त्यानें सकाळीं आधीं टेकडी चढावी, मग मूर्ति पाहावी. पन्हाळा उन्हें उतरल्यावर.