पिसुर्लेकर आणि सौंसरची पेटी

माझ्या पुतणीचे सासर सौंसरला. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पाट्या हिंदी आणि कानावर मराठी! 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि हा मराठी मुलूखही तिकडेच राहिला. 2023 पासून पांढुर्णा वेगळा जिल्हा आहे, सौंसर त्यातच येते.

व्याह्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत मोडीतले कागद. म्हणाले, "आजोबाच्या मालगुजारीचे हायेत. कोणालेच वाचता येत नाई. या दिवाळीले रद्दीत टाकतो. आमचा इतिहास तं साहेबानं लिवला, भाऊ!"

बोलणे अगदीच खोटे नव्हते. भोसल्यांचे राज्य 1854 साली इंग्रजांनी खालसा केले आणि छिंदवाड्याचे गॅझेटिअर 1907 साली रसेलसाहेबांनी संपादित केले. नागपूर प्रांताचा मराठीतला इतिहास या. मा. काळे यांनी लिहिला, तो त्यानंतर, 1934 साली.

मला आमचे पांडुरंग पिसुर्लेकर आठवले. सत्तरीतल्या पिसुर्ल्यात 1894 साली जन्मलेला हा माणूस गोव्याच्या पुराभिलेखागाराचा प्रमुख झाला. 1595 साली दियोगु दु कौतुच्या हाती सोपवलेले हे दप्तर म्हणजे साहेबाचेच कागद. पण पिसुर्लेकरांनी त्यात आपली माणसे शोधली. पोर्तुगीजांच्या दरबारी कामांत वावरणारे हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी वकील यांच्यावर त्यांनी 1952 साली आख्खे पुस्तक लिहिले. राज्य मंडळाचे ठराव 1953 ते 1957 या काळात पाच खंडांत छापले. आणि 1967 साली पुणे विद्यापीठाने त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत काढले. दोनच वर्षांनी, 1969 साली, ते गेले.

वाचकहो, साहेबाने कागद लिहिला म्हणून इतिहास साहेबाचा होत नाही. वाचणारा आपला असला की त्यातून आपली माणसे बोलू लागतात. पण त्यासाठी कागद आधी उरला पाहिजे. मी कारकून आहे. जुनी नोंदवही अडगळ ठरली की किती पटकन टेंपोत चढते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा मी गप्प बसलो होतो, ते अजून टोचते.

सौंसरला मात्र गप्प बसलो नाही. व्याह्यांना पिसुर्लेकरांची ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले, मग सुनेला म्हणाले, "पोरी, कडुलिंबाचा पाला आन."

पाला घालून पेटी पुन्हा माळ्यावर गेली. मोडी वाचणारा कोणीतरी भेटेल. आज नाही तर उद्या.