यजितखताविना निवाडा : काडीमोडीची जुनी रीत व आजची मध्यस्थी

मराठी दप्तरें चाळणाऱ्यांस राजीनामा व यजितखत हे दोन कागद परिचयाचे आहेत. पंचांचा निर्णय मान्य करूं असें वादी-प्रतिवादी आरंभीं लिहून देत, तो राजीनामा. आणि हरलेल्या पक्षानें आपली बाजू खोटी ठरल्याचें शेवटीं लिहून द्यावयाचें, तें यजितखत. नवराबायकोच्या वियोगांत पहिल्या कागदावर भागवून दुसरा टाळतां येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शास्त्राकडे प्रथम पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत विवाहबंधनांतून सुटकेस 'मोक्ष' अशी संज्ञा आहे. एकाची इच्छा नसतां दुसऱ्यास केवळ द्वेषामुळें मोक्ष नाहीं. द्वेष परस्पर असेल तर मात्र आहे. धर्मविवाहांस ही सवलत नाहीं, असेंही तेथेंच सांगितलें आहे. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला. अर्थात् एकोणिसाव्या शतकांतील न्यायाधीशांपुढें तो नव्हता.

महाराष्ट्रांतील अनेक जातींत मात्र संमतीची ही वाट रूढीनें चालू होती. पंचांसमक्ष काडी मोडावयाची, दागिने व लग्नखर्च यांचा हिशोब करावयाचा, आणि सोडचिठ्ठी किंवा फारखत लिहून द्यावयाची. मग स्त्रीस पाट लावण्यास मोकळीक होई. आर्थर स्टील यांनीं दख्खनच्या जातींच्या चालींचा जो संग्रह १८२७ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत विवाह, पाट व वियोग यांच्या रीती नमूद आहेत.

तथापि ह्या पद्धतीचें केवळ गुणगान करणें योग्य नव्हे. पंचांच्या हातीं बहिष्काराचें शस्त्र असे. त्या धाकानें दिलेला राजीनामा नांवाचाच राजीनामा. आणि असा धाक बहुधा स्त्रीच्याच वांट्यास येई. विवाह मोडण्याचा जातीचा अधिकार मुंबई हायकोर्टानें १८७६ मध्यें अमान्य केला.

परंतु कोर्टानें तरी काय साधलें ? दादाजी भिकाजी यांनीं रखमाबाईंवर नांदावयास येण्याचा दावा १८८४ मध्यें लावला. १८८५ मध्यें न्या. पिन्हे यांनीं तो फेटाळला; अपिलांत तो पुन्हा उभा राहिला; १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं पतीकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैदेचा हुकूम दिला. शेवट झाला तो १८८८ मधील तडजोडीनें : दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची बजावणी सोडली. विवाह विधितः तुटला नाहीं. पण रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. चार वर्षांच्या वादानें जें मिटलें नाहीं, तें संमतीच्या एका कागदानें मिटलें.

पुढें मुंबई प्रांतांत १९४७ मध्यें हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा झाला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें न्यायाधीशावर समेटाच्या यत्नाचें कर्तव्य घातलें व रूढीनें चालत आलेला घटस्फोटही राखून ठेविला. १९७६ मध्यें परस्पर संमतीच्या घटस्फोटाचें कलम त्यांत आलें. कौटिल्याचा परस्पर मोक्ष, त्याचा अपवाद गळून, कायद्यांत अवतरला. १९८४ मध्यें कुटुंब न्यायालयांचा व २०२३ मध्यें मध्यस्थीचा कायदा झाला.

आजचा मध्यस्थ हा जुना पंच नव्हे. तो निवाडा देत नाहीं. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन ह्यांविषयीं दोघांस बोलतें करितो, आणि तेथील बोलणें गुप्त राहतें. अंतिम हुकूम कोर्टच देतें, पण कोणास दोषी ठरवून नव्हे. मुलांचे आईबाप म्हणून ज्यांस पुढेंही एकमेकांशीं बोलावयाचें आहे, त्यांपैकीं एकाकडून यजितखत लिहवून घेण्यांत कोणाचें हित ? मात्र जेथें मारहाण वा धाक आहे, तेथें संमति खरी नसते; तेथें कोर्टाचेंच दार ठोठावलें पाहिजे.

संग्राहकांस एक विनंति. वतनाचे महजर आपण जपून ठेवितों. सोडचिठ्ठ्या मात्र किरकोळ म्हणून रुमालांतून बाजूस पडतात. त्या टाकूं नयेत. संमति कोणाची घेतली, स्त्रीस काय मिळालें, साक्ष कोणाची, हें त्यांवरूनच कळेल. आणि जुनी मध्यस्थी कितपत न्याय्य होती ह्याचा निर्णय त्या कागदांवरच व्हावयाचा आहे.