लस उसाच्या फडापर्यंत : आरोग्यसेविका आणि स्थलांतरितांचे लसीकरण

दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. या जोडीबरोबर अनेकदा तान्ही मुलेही असतात. पुढील पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोप्यांमध्ये असतो. मुलाचे नाव गावच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत राहते. मूल मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकातही असते. त्यामुळे लसींच्या मात्रा चुकतात. ही उणीव भरून काढण्याचे काम प्रामुख्याने आरोग्यसेविकेकडे, म्हणजेच सहायक परिचारिका-प्रसाविकेकडे (एएनएम) येते.

उपकेंद्राची रचना

देशात 1978 मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा शेवटचा दुवा म्हणजे उपकेंद्र. सपाट प्रदेशात पाच हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तेथील आरोग्यसेविका आशा कार्यकर्तीच्या मदतीने लस देय असलेल्या बालकांची यादी तयार करते, लस टोचते आणि नोंद ठेवते. ही सारी व्यवस्था स्थिर लोकसंख्या गृहीत धरून उभी आहे. जी कुटुंबे एका गावात राहत नाहीत, ती या गणितातून निसटतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 12 ते 23 महिने वयाच्या बालकांचे पूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये 56.2 टक्के होते. 2019-21 च्या सर्वेक्षणात ते 73.5 टक्क्यांवर गेले. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेले ‘मिशन इंद्रधनुष’ आणि ऑक्टोबर 2017 पासूनची त्याची तीव्र मोहीम याच कालखंडातील. वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांच्या वस्त्या आणि स्थलांतरितांच्या झोपडपट्ट्या यांना अतिजोखमीची क्षेत्रे मानण्याची पद्धत पोलिओ मोहिमेत रुजली होती. ती नियमित लसीकरणाच्या सूक्ष्म आराखड्यातही आली.

वेळ आणि विश्वास

ऊसतोडणी कामगार पहाटेच फडात जातात आणि गाडी भरून झाल्यावरच परततात. एक दिवसाचा ‘खाडा’ झाला तर मजुरी बुडते आणि अनेक ठिकाणी वर दंडही भरावा लागतो. अशा वेळी सकाळी दहाला उपकेंद्रात या, असे मातेला सांगण्यात अर्थ नसतो. सत्र सायंकाळी कोप्यांवर घेतले, तर मात्र तीच माता मुलाला घेऊन पुढे येऊ शकते. म्हणूनच आरोग्यसेविकेला आधी मुकादमाला भेटावे लागते. टोळीत किती मुले आहेत आणि टोळी पुढच्या फडावर केव्हा हलणार, हे त्याच्याकडूनच कळते.

दुसरा अडसर तापाचा. पेंटाव्हॅलंट लसीनंतर बाळाला ताप येऊ शकतो. त्याची पूर्वकल्पना दिली नाही, तर पुढील मात्रेला घरचे नकार देतात. यासाठी प्रत्येक सत्रात चार गोष्टी सांगण्याचे प्रशिक्षण आरोग्यसेविकेला दिलेले असते : कोणती लस दिली, कोणता त्रास संभवतो व तेव्हा काय करावे, पुढे केव्हा यावे आणि कार्ड जपून ठेवावे. लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास थांबवून घेतले जाते.

शीतसाखळीचे बंधनही असतेच. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात न्याव्या लागतात. गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी द्रावण मिसळल्यापासून चार तासांत वापरावी लागते. उरलेली लस टाकून द्यावी लागते. तरीही एका बालकासाठी कुपी उघडायला कचरू नये, असाच दंडक आहे.

कामाच्या ठिकाणी लस

11 एप्रिल 2021 पासून केंद्र सरकारने कामाच्या ठिकाणी कोविड लसीकरणास परवानगी दिली. त्यासाठी सुमारे 100 पात्र कर्मचारी असावेत, अशी अट होती. कार्यालये व कारखान्यांना ती सोयीची ठरली. हजेरीपट नसलेल्या वीटभट्टीला किंवा वीस-पंचवीस कोयत्यांच्या टोळीला मात्र ती लागू पडणारी नव्हती. नोव्हेंबर 2021 मधील ‘हर घर दस्तक’ मोहिमेत परिचारिका व आशा कार्यकर्त्यांना दारोदार जावे लागले, ते अशा सुटलेल्या लोकांसाठीच.

दुर्लक्षाची किंमत

मात्रा चुकण्याचा परिणाम 2022 च्या अखेरीस मुंबईत दिसला. गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला, बालके दगावली; मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण आढळले. कोविड काळात विस्कळीत झालेले नियमित लसीकरण हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. गोवर अत्यंत संसर्गजन्य असल्याने तो रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक मानले जाते. राज्याची सरासरी चांगली असली, तरी एखादी वस्ती मागे राहिली की आजार तिथेच शिरतो.

पालकांनी लक्षात ठेवावे

* गाव सोडताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे. कार्ड हरवले, तरी लस नाकारली जात नाही.
* सरकारी लसीकरण मोफत आहे. ते कोणत्याही गावात, कोणत्याही जिल्ह्यात घेता येते.
* मात्रा चुकल्यास वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही; राहिलेली मात्रा पुढे घ्यावी.
* गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 ते 12 महिने आणि दुसरी 16 ते 24 महिने या वयात दिली जाते. चुकल्यास ती पाच वर्षांपर्यंत देता येते.

टोळी हलली की कोप्या मोडल्या जातात. पुढच्या मुक्कामावरील आरोग्यसेविकेसाठी मुलाच्या लसीकरणाची हातात असलेली खूण म्हणजे ते कार्ड. ते पाहून उरलेली मात्रा देणारी परिचारिका तिथेही पोहोचली, तरच आधीच्या मुक्कामावरील श्रम सार्थकी लागतात.