तळटीप : ‘फ्रँकी अँड जॉनी’ (१९६६)

फ्रेडरिक डी कॉर्डोव्हा दिग्दर्शित, एल्व्हिस प्रेस्लीचा हा चित्रपट. ‘लोकगीतावर बेतलेली हलकीफुलकी प्रेमकथा’ हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. १८९९ साली सेंट लुईसमध्ये फ्रँकी बेकर या कृष्णवर्णीय तरुणीने प्रियकर ॲलन ब्रिटवर गोळी झाडली. तो दगावला, ती स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटली. गीताचे मूळ याच घटनेत असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. चित्रपटाने ती गोळी नदीवरच्या करमणुकीच्या बोटीत आणून खेळातला एक प्रसंग करून टाकली. जुगारी जॉनी आणि फ्रँकी प्रेक्षकांपुढे खोट्या गोळीने हा खून रंगवतात. एकदा पिस्तुलात खरी गोळी भरली जाते, तर तीही जॉनीजवळच्या शुभचिन्हावर आपटते. सुखान्ताची सोय इतकी उघड आहे की हसू येते.

लोकगीताची शेकडो रूपे फिरत असताना चित्रपटाकडूनच इमानाची अपेक्षा का, असा आक्षेप निघेल. तो रास्तच आहे. प्रेमविनोदात नायक मरून कसे चालेल? मात्र गीताच्या बहुतेक रूपांनी जॉनीचा मृत्यू तरी सोडला नव्हता. शिवाय फ्रँकी बेकर १९५२पर्यंत हयात होती. याच कथेवरच्या १९३६च्या चित्रपटाबद्दल तिने रिपब्लिक पिक्चर्सला कोर्टात खेचले होते. निकाल तिच्या विरोधात गेला. १९६६मध्ये फ्रँकीची भूमिका डॉना डग्लस या गोऱ्या अभिनेत्रीने केली.