ठाणें व कल्याण या नांवांचे पाठभेद आणि वेब सर्व्हरचे नियम

हस्तलिखितांच्या याद्या व दप्तरांच्या प्रतिमा आतां इंटरनेटवर येत आहेत. पूर्वीं ज्याप्रमाणें रुमाल व कागद यांचे अंक टिपेंत देत, त्याप्रमाणें आज पानाचा पत्ता देतात. तो पत्ता चुकला तर आधार मोडला. म्हणून आलेला पत्ता कोणत्या पानास जोडावा हें वेब सर्व्हरच्या मांडणींत ज्या नियमांनीं ठरतें, ते संशोधकानें जाणून घेणें अवश्य आहे.

हे नियम बहुधा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या सांच्यांत लिहितात. त्यांचें गणित स्टीफन क्लीनी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. केन टॉम्प्सन यांनीं १९६८ मध्यें त्यावरून मजकूर शोधण्याची रीति दिली. आणि राल्फ एंगेलशाल यांनीं १९९६ मध्यें अपॅची सर्व्हरकरितां पत्ते फिरविणारा ‘मॉड-रीराइट’ हा भाग रचिला. अनेक पाठ एका सूत्रांत बांधणें हें सांच्याचें कार्य होय.

ठाण्याचेंच उदाहरण घेऊं. शिलाहारांच्या लेखांतील ‘श्रीस्थानक’ हें रूप दूरचें, त्यास निराळा नियम पाहिजे. परंतु रोमन लिपींतील रूपें एका कुळांतलीं आहेत. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास गेली, त्या काळच्या कागदांत टी-ए-एन-एन-ए-एच असें नांव आढळतें. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत टी-एच-ए-एन-ए आहे. आज शेवटीं ए ऐवजीं ई आहे. सांचा असा होतो: टी, असल्यास एच, ए, एक किंवा दोन एन, ए अथवा ई, असल्यास एच. पण येथें पत्त्याचा तो भाग संपला पाहिजे, असें सांगावयास विसरलें तर हर्षवर्धनाच्या घराण्याचें ठाणेसरही ठाण्यांत येऊन पडतें! कल्याणाचेंही तेंच. पेरिप्लसांतील कल्लिएना व कान्हेरीच्या लेखांतील दात्यांचें कल्याण तें हें बंदर. परंतु दोन्ही टोकें मोकळीं असलेला ‘कल्याण’ हा सांचा चालुक्यांची राजधानी कल्याणी व तिचें आजचें नांव बसवकल्याण या दोहोंसही गिळतो. आरंभ व शेवट यांचीं चिन्हें वगळणें म्हणजे दोन गांवांचा इतिहास एक करणें.

देवनागरींत दुसरी अडचण आहे. जुन्या छापांत ‘ठाणें’, नव्यांत ‘ठाणे’. वाचकास हा भेद क्षुल्लक, यंत्रास हे दोन शब्द. प्रचलित संकेतलेखनांत, म्हणजे यूटीएफ-८ मध्यें, प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणून ‘ठाणे’ बारा बाइटांचें व ‘ठाणें’ पंधरांचें. अनुस्वारापुढें नुसतें ‘असल्यास’ या अर्थाचें प्रश्नचिन्ह घातलें, आणि सर्व्हर बाइटच मोजीत असला, तर तें चिन्ह तिसऱ्या बाइटासच लागतें. पहिले दोन सक्तीचे राहतात व अनुस्वार नसलेला पत्ता नाकारला जातो. यास्तव अनुस्वार कंसांत घालावा आणि प्रश्नचिन्ह कंसाबाहेर ठेवावें.

आतां नियमांच्या क्रमाविषयीं. पाणिनीच्या अष्टाध्यायींत (१.४.२) तुल्यबल सूत्रांचा विरोध आला तर परसूत्र बलवान होतें. इगोर सिसोएव्ह यांच्या एंजिनएक्स सर्व्हरांत उलट आहे: सांच्यांपैकीं जो प्रथम जुळेल तोच चालतो, पुढचे पाहिलेच जात नाहींत. म्हणून अपवाद आधीं व सामान्य नियम मागून लिहावा.

याचें महत्त्व १ ऑगस्ट २०१४ च्या घटनेवरून कळेल. त्या दिवशीं ठाणें जिल्ह्यांतून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके निघून पालघर जिल्हा झाला. ‘जिल्हा/ठाणे/वसई’ असा पत्ता पालघराकडे वळवावयाचा, तर हा नियम ‘जिल्हा/ठाणे’ या व्यापक सांच्याच्या वर हवा. खालीं पडला तर तो कधींच लागू होणार नाहीं.

परंतु सर्वच पत्ते वळवावे काय? आमच्या मतें नाहीं. १८८२ च्या गॅझेटियरांतील वसईचें वर्णन ठाणें जिल्ह्याचेंच आहे. तें पालघराखालीं नेणें म्हणजे मूळ ग्रंथाच्या पाठांत हात घालणें होय. तालुक्याची आजची माहिती वळवावी, दिनांकित साधनाचा पत्ता आहे तेथेंच ठेवावा. आणि हा भेद सांच्यासच कळावा म्हणून पत्त्यांत साधनाचें वर्ष असावें. जेथें वळवावयाचें तेथें ३०१ या अंकानें, म्हणजे ‘कायमचें स्थलांतर’ असें सांगून वळवावें; ३०२ हा अंक तात्पुरत्या फेऱ्याचा आहे.

चांगला संपादक पाठ शुद्ध करितांना मूळ पाठ तळटीपेंत राखतो. सर्व्हरच्या मांडणीची फाइल ही आपल्या संग्रहाची तशीच तळटीप आहे. प्रत्येक नियमाशेजारीं तो कोणत्या सालीं व कां केला हें लिहून ती फाइल मूळ यादीबरोबर जतन करावी, एवढी संग्राहकांस विनंति आहे.