चरीचा संप आणि सहा वर्षें

आम्ही परभणीस राहतों. जिल्ह्यांतील शेतकरी अधूनमधून जुने कागद घेऊन आमच्याकडे येतात. निजामी अमदानीचें महसुली दप्तर उर्दूंत असे. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यास तें वाचतां येत असावें, असा त्यांचा भोळा समज असतो. त्या कागदांभोंवतीं फिरणारा प्रश्न बहुधा एकच: आजोबा त्या शेतांत सलग सहा वर्षें होते कीं नव्हते? १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानें संरक्षित कुळाचा हक्क दिला तो सहा वर्षांच्या अखंड वहिवाटीवर. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला; तरी येथील कुळाचा हक्क त्याच कायद्यानें मोजला जातो. मुंबई इलाख्याच्या १९३९ च्या कायद्यांतही माप हेंच होतें: १ जानेवारी १९३८ पूर्वींचीं सलग सहा वर्षें. हा आकडा समोर आला कीं आम्हांस समुद्रकांठचें एक गांव आठवतें. तेथील कुळांनीं सहा वर्षें शेतांत नांगर धरला नव्हता.

तें गांव चरी. अलिबाग तालुक्याच्या खारेपाटांतील हा मुलूख त्या काळीं कुलाबा जिल्ह्यांत मोडे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. आमच्या काळ्या रानांत वाढलेल्या वाचकांस खार जमीन म्हणजे काय हें थोडें सांगितलें पाहिजे. भरतीचें पाणी मातीचे बांध घालून अडवावयाचें, पावसाच्या पाण्यानें जमिनीतील मीठ धुऊन जाऊं द्यावयाचें, आणि मग तेथें भात पिकवावयाचें. बांध दरसाल डागडुजी मागतो. तो एकदां फुटला कीं खारें पाणी आंत शिरतें आणि शेत पुढें कित्येक वर्षें कामांतून जातें. म्हणजे ही जमीन जितकी निसर्गदत्त, तितकीच कष्टनिर्मित. आणि हे कष्ट पिढ्यान् पिढ्या कुळांचे. कागदावर मात्र जमीन खोताची किंवा सावकाराची. कूळ कबुलायत लिहून देई, आणि तींत मालकाची मर्जी असेपर्यंतच आपण जमिनीवर आहों हें कबूल करी. खंड खंडींच्या मापानें भाताचा. पीक बुडालें तरी खंड बुडत नसे. उरेल ती बाकी सावकारी व्याजाच्या वाटेनें घरांत शिरे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजीं चरी येथें सभा भरली आणि खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय झाला. पंचवीस गांवच्या शेतकऱ्यांनीं तो पाळला. पुढारी होते नारायण नागू पाटील. भात घरांत येईना, तेव्हां लोकांनीं डोंगरांतून लाकूडफांटा तोडून विकला आणि त्यावर दिवस काढले. सहा पावसाळे पेरणीविना पाहणें म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं मृगाच्या पहिल्या सरीबरोबर घरांतील बोलणेंच बदलतें, त्यालाच कळेल. आमच्यासारख्या पगारी मनुष्यानें त्यावर फार बोलूं नये.

इंग्रजी शिकलेल्या वाचकास येथें आयर्लंड आठवेल. १८८० सालीं मेयो परगण्यांत लँड लीगच्या कुळांनीं कॅप्टन बॉयकॉट नांवाच्या कारभाऱ्याशीं सर्व व्यवहार तोडले, आणि त्या गृहस्थाचें आडनांव जगांतील अनेक भाषांत क्रियापद होऊन बसलें. आपल्याकडील वाचकास बारडोली अधिक जवळची वाटेल; परंतु आमच्या मतें ती तुलना अर्धीच जुळते. १९२८ चा बारडोलीचा शेतकरी बहुतांशीं खातेदार होता. त्यानें सरकारचा सारा रोखला. तो रोखून धरण्याजोगें कांहींतरी त्याच्या हातीं होतें. चरीच्या कुळापाशीं रोखण्यास स्वतःच्या दोन हातांवांचून दुसरें कांहीं नव्हतें, आणि ते हात आवरले कीं पहिली उपासमार त्याच्याच घरीं. शिवाय विरोधक परका साहेब नव्हे, गांवचाच मालक. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासग्रंथांत चरीस ओळ दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं, याचें एक कारण हेंही असावें.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मात्र हा प्रश्न आपला मानला. १९३४ च्या डिसेंबरांत चरीस भरलेल्या शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुढें स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनें ते कायदेमंडळांत गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर गेला. कुणबी, आगरी, महार अशा जातींचे लोक त्यांत एकत्र चालले. कोंकणच्या गांवगाड्यांत जे एका पंक्तीस बसत नव्हते त्यांच्या खांद्याला खांदा लागला, ही गोष्ट विधेयकाहून लहान नाहीं. विधेयक मात्र मंजूर झालें नाहीं. खेर मंत्रिमंडळ १९३९ च्या अखेरीस गेलें, आणि खोती कायद्यानें संपण्यास १९४९ साल उजाडावें लागलें.

चरीचा संप १९३९ मध्यें मिटला. त्याच वर्षींचा कुळ कायदा हें संपाचेंच फळ, असें सांगण्याचा प्रघात आहे. कायदा होण्यांत या कुळांचा वाटा मोठा, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याचें माप हातीं घेऊन चरीस जाऊन पाहावें. १९३८ पूर्वींचीं सलग सहा वर्षें म्हणजे १९३२ पासूनचीं. आणि चरीच्या कुळानें १९३३ लाच नांगर खालीं ठेवलेला! कायद्यास हक्काची खूण म्हणून वहिवाट दिसत होती. हक्कासाठींच ज्यानें वहिवाट सोडली, त्याच्यासाठीं या मापांत खूण नव्हती. जो मुकाट्यानें खंड भरीत राहिला त्याचीं वर्षें मोजतां येतात. जो उपाशी राहिला त्याचीं मोजावयाचीं कशीं? संपकऱ्यांस हा धोका कळत नव्हता असें आम्हांस वाटत नाहीं. कबुलायतीवर आंगठा उठविणारा मनुष्य कागदाचें सामर्थ्य आपणांहून अधिक जाणतो. शेत सोडलें तर दुसरें कूळ येईल, ही भीति प्रत्येक संपकऱ्याच्या पोटांत असणार. म्हणूनच एका गांवाचा संप पुरला नसता, पंचवीस गांव लागले.

पुढें १९४८ चा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून त्या दिवशींचें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. तेथेंही प्रश्न तोच: त्या दिवशीं कब्जा कोणाचा? तो हैदराबाद मुलखाचा कायदा नव्हे. आमच्याकडील हिशेब निराळा चालला, तरी ओझें कुळाच्याच डोक्यावर राहिलें.

मागें एक गृहस्थ असेच कागद घेऊन आले होते. पांच वर्षें त्यांच्या आजोबांचें नांव होतें, सहाव्या वर्षीं दुसऱ्याचें. आजोबांनीं शेत सोडलें कीं त्यांजकडून सोडविलें, हें कागद सांगत नव्हता. आम्हीं त्यांस तसें विचारलें. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आजी होती तोंवर हें कोणी विचारलंच नाही, सर."